गॅदरिंगला मावळा व्हायचंय? भाड्याचा ड्रेस कशाला, घरीच शिवा गोधडीच्या टाक्याची दणकट बंडी

डिसेंबर उजाडला की शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो. ‘आपल्या पाल्याची मावळ्याच्या भूमिकेसाठी निवड झाली आहे. वेशभूषेची व्यवस्था पालकांनी करावी.’ पोरगं खुशीत असतं आणि आई-बाप विचारात पडतात. ड्रेस भाड्यानं आणायचा तर तालुक्याला दोन हेलपाटे, एक आणायला नि एक परत द्यायला. वर डिपॉझिट, आणि नाचताना फाटला तर त्यातून कपात. एका घरात दोन पोरं नाटकात असली की खर्च दुप्पट. मग कुठल्यातरी घरात ‘पुढच्या वर्षी बघू’ असं म्हटलं जातं, आणि ते पोर कार्यक्रमाच्या दिवशी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवतं.

ही वेळ टाळता येते. मावळ्याच्या वेशात सगळ्यात जास्त उठून दिसते ती अंगातली जाड, रांगडी बंडी. धोतर, मुंडासं, शेला या गोष्टी घरात सापडतात किंवा शेजारी मिळतात. अडतं ते बंडीपाशी. तीच बंडी घरच्या घरी, अगदी शिलाई मशीन नसतानाही कशी शिवायची, ते या लेखात टप्प्याटप्प्यानं सांगतोय. गॅदरिंग झालं की 19 फेब्रुवारीला शिवजयंती आहेच, त्यामुळं एकदा शिवलेली बंडी दोनदा कामाला येते.

चकचकीत ड्रेस नको, जाडंभरडं कापड बरं

भाड्याचे बरेचसे ड्रेस सॅटिनचे, जरीची पट्टी लावलेले असतात. स्टेजच्या लाइटमध्ये ते चमकतात, पण मावळा काही दरबारात बसणारा सरदार नव्हता. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत जी खोरी आहेत, त्यांना मावळ म्हणतात. तिथला शेतकरी, डोंगर चढणारा, पावसात भिजणारा माणूस म्हणजे मावळा. त्याच्या अंगावर जाडंभरडं सुती कापड शोभतं, मळखाऊ रंग शोभतो, एखादं ठिगळही शोभतं.

दुसरी गोष्ट, कापडाचे थर एकावर एक ठेवून टाक्यांनी भरलेले जाड अंगरखे लढाईत अंगाच्या बचावासाठी वापरायचे. भारतातही वापरायचे आणि बाहेरच्या देशांतही. थरावर थर आणि त्यावर धावदोरा, हे वाचून काही आठवलं का? आपली गोधडी, दुसरं काय! ज्या घरात आजीनं वाकळ शिवलीय, त्या घराला ही बंडी अवघड नाही. म्हणून पहिला सल्ला असा की आजीला या कामात घ्या. मशीनवर बसणारी सून आणि धावदोरा घालणारी सासू अशी जोडी जमली तर काम झटपट होतं.

एक खुलासा आधीच करतो. ही बंडी म्हणजे इतिहासातल्या एखाद्या अंगरख्याची हुबेहूब नक्कल नाही. स्टेजवर दुरून बघणाऱ्याला रांगडा मावळा दिसावा आणि पोराला तीत मोकळं पळता यावं, एवढाच हिशेब आहे.

काय काय लागेल?

बाहेरच्या थरासाठी एक मीटर मांजरपाट घ्या, पन्हा साधारण 44 इंची. मांजरपाट नको असेल तर जुनी जाड चादर चालेल. आतल्या थरासाठी जुनं सुती धोतर, लुगडं किंवा मऊ झालेली चादर. मधल्या थरासाठी जुनी सुती साडी, एक किंवा दोन घड्या. कडेच्या पट्टीसाठी जुना सुती परकर. परकराचं कापड घट्ट विणीचं असल्यानं पट्टी चांगली बसते. मरून किंवा काळा रंग असेल तर बंडी उठून दिसते.

हातानं भरायची तर गोधडीची सुई आणि गोधडीचा जाड दोरा. मशीनवर शिवायची तर 16 नंबरची सुई. बाहेरून जीन्सचं कापड लावणार असाल तर 18 नंबरची. कापड मापायचा टेप, खडू, कात्री, टाचण्या आणि एक जुना पेपर. बस, एवढंच.

मधल्या थरात कापूस किंवा फोम भरू नका. कापूस एका जागी गोळा होतो, फोममध्ये पोर घामाघूम होतं. साडीच्या घडीनं पुरेसा जाडपणा येतो आणि वजनही वाढत नाही. बाहेरून जीन्स लावली असेल तर मधला थर सोडूनच द्या, ती मुळात जाड असते.

आधी हे वाचा: पोत्याचं कापड वापरताना

रांगडेपणासाठी बरेच जण थेट गोणपाटाची बंडी करतात. दिसायला ती छान दिसते, पण तीन गोष्टी सांभाळायलाच हव्यात.

पहिली, खताचं पोतं, बियाण्याची पिशवी किंवा ज्यात औषध मारलेलं बी, कीटकनाशकाचे डबे ठेवले होते असं कुठलंही पोतं पोराच्या अंगाला लावू नका. धुऊनसुद्धा नाही. बियाण्याला चोळलेलं औषध धाग्यात मुरतं, ते डोळ्यांना दिसत नाही. घाम आला की तेच कातडीला लागतं. वापरायचंच असेल तर धान्याचं, स्वच्छ, वास नसलेलं तागाचं पोतं घ्या. गरम पाण्यात दोनदा धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

दुसरी, ताग टोचतो. मान आणि काखेजवळ खाज सुटून पुरळ येतं. म्हणून आतून मऊ सुती अस्तर लागतंच. सगळी बंडी गोणपाटाची करण्यापेक्षा मांजरपाटाच्या बंडीवर खांद्याला आणि छातीला गोणपाटाचे तुकडे ठिगळासारखे जोडले तर तोच परिणाम साधतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. तागाचे सुटे धागे भसकन पेट घेतात. शिवजयंतीला पोरं गडावरून शिवज्योत आणतात, मिरवणुकीत मशाली असतात. गोणपाट लावलेली बंडी घातलेलं पोर मशालीपासून लांबच ठेवा. सुती कापडही जळतंच. आणि सॅटिन, नायलॉनचे ड्रेस तर वितळून कातडीला चिकटतात. स्टेजवरची मशाल नारिंगी कागद आणि बॅटरीची करा, असं शाळेत आवर्जून सांगा.

माप कसं घ्यायचं?

बंडी शर्टावर किंवा सदऱ्यावर घालायची आहे, म्हणून माप सदरा घालूनच घ्या. तीन मापं लागतात.

छाती: काखेखालून टेप फिरवा. टेप आणि अंगाच्या मध्ये दोन बोटं गेली पाहिजेत.

खांदा: पाठीमागून एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

उंची: मानेजवळच्या खांद्यापासून कमरेच्या खाली चार बोटं.

आता एक उदाहरण धरू. साधारण चौथी-पाचवीतलं पोर, छाती 28 इंच, खांदा 12 इंच, बंडीची उंची 20 इंच. छातीत 6 इंच ढिलाई मिळवायची, म्हणजे 34. याचे चार भाग केले की साडेआठ इंच. हाच आपला मुख्य आकडा. मुंढ्याची खोली काढायला छातीचा चौथा भाग घ्या आणि त्यात 1 इंच मिळवा. 28 चा चौथा भाग 7, अधिक 1, म्हणजे 8 इंच.

बाकीच्या मापांसाठी हिशेब तयार देतो:

छाती 24 इंच: रुंदी साडेसात, मुंढा 7
छाती 26 इंच: रुंदी 8, मुंढा साडेसात
छाती 28 इंच: रुंदी साडेआठ, मुंढा 8
छाती 30 इंच: रुंदी 9, मुंढा साडेआठ
छाती 32 इंच: रुंदी साडेनऊ, मुंढा 9

छाती 30 च्या वर असेल तर एक मीटर कापडात काम बसत नाही. दीड मीटर घ्या आणि पुढचे भाग वेगळे भरा.

पेपरवर आकार काढा

थेट कापडावर कात्री चालवू नका. पेपर चुकला तर दुसरा मिळतो, कापड चुकलं तर पैसे जातात.

जुन्या पेपरवर 20 इंच उंच आणि साडेआठ इंच रुंद असा चौकोन आखा. हा पाठीचा अर्धा भाग. डावी कड म्हणजे पाठीचा मध्य.

वरच्या कडेवर मध्यापासून अडीच इंचांवर खूण करा, ही गळ्याची रुंदी. मध्यावर 1 इंच खाली खूण करा, ही पाठीच्या गळ्याची खोली. दोन्ही खुणा हलक्या गोलाईनं जोडा.

मध्यापासून 6 इंचांवर म्हणजे खांद्याच्या निम्म्यावर या आणि तिथून 1 इंच खाली उतरा. गळ्याच्या खुणेपासून इथपर्यंत तिरकी रेघ मारा. हा झाला खांद्याचा उतार.

आता उजव्या कडेवर वरून 8 इंच खाली खूण करा. खांद्याच्या टोकापासून या खुणेपर्यंत मुंढ्याची गोलाई काढायची. आधी जवळजवळ सरळ खाली यायचं आणि शेवटी बाहेर वळायचं. इंग्रजी ‘जे’ अक्षराला आरशात बघितल्यासारखा आकार येतो. तिथून खालपर्यंत बाजू सरळ.

पुढचा भाग असाच काढा, फरक दोनच. गळ्याची खोली 1 ऐवजी 5 इंच घ्या. आणि मुंढ्याची गोलाई पाठीपेक्षा अर्धा इंच जास्त आत न्या, म्हणजे हात पुढं घेताना कापड गोळा होत नाही.

दोन्ही पेपर कापून पोराच्या अंगाला लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण निम्म्या चुका इथंच सापडतात.

कापड धुवा, रंगवा

मांजरपाट पाण्यात पडला की आटतो. म्हणून शिवण्याआधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात बंडी तोकडी होईल आणि आतला थर चुणेल.

पांढरट मांजरपाट स्टेजवर कोरा दिसतो. त्याला मळखाऊ करायचा सोपा उपाय म्हणजे चहा. तीन लिटर पाण्यात चार-पाच मोठे चमचे चहापत्ती दहा-पंधरा मिनिटं उकळा, गाळा आणि ओलं केलेलं कापड त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. मधूनमधून हलवत राहा, नाहीतर डाग पडतात. कापड वाळलं की रंग फिका होतो, म्हणून ओलं असताना थोडा गडद दिसला तरी काळजी नको.

ज्यांच्याकडं डाळिंब आहे त्यांनी साली फेकू नका. वाळलेल्या साली उकळल्या की पिवळट तपकिरी रंग येतो. बाभळीच्या सालीचा रंग लालसर तपकिरी येतो. रंगवण्याआधी कापड तुरटीच्या कोमट पाण्यातून काढलं तर रंग जास्त टिकतो. हळद मात्र नको, उन्हात तिचा रंग लगेच उडतो. रंगाचं भांडं स्वयंपाकाचं नसावं, जुनं पातेलं घ्या.

आधी भरा, मग कापा

इथं बरेच जण चुकतात. आधी आकार कापतात आणि मग टाके घालतात. टाके घातले की कापड आवळतं आणि बंडी एक-दीड इंच लहान होते. म्हणून उलटं करायचं.

बाहेरच्या कापडातून पूर्ण पन्ह्याचा, 24 इंच लांबीचा पट्टा काढा. तेवढाच आतला थर, तेवढीच साडीची घडी. अंगणात किंवा फरशीवर आतला थर उलटा पसरा, त्यावर साडी, त्यावर बाहेरचं कापड सुलटं. हातानं सुरकुत्या काढा. मग लांब लांब कच्चे टाके घालून तिन्ही थर एकमेकांना धरून घ्या.

आता खडूनं एक-एक इंचावर उभ्या रेघा मारा. प्रत्येक रेघेवर धावदोरा. टाके गोधडीसारखेच, फार बारीक नकोत. सुरुवात मधल्या रेघेपासून करा आणि दोन्ही बाजूंना सरकत जा. कडेकडून सुरू केलं तर मध्ये फुगा येतो. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर गुंतत नाही आणि जाड थरातून सहज सरकतो.

मशीनवर करायचं असेल तर टीप मोठी ठेवा आणि सावकाश चालवा. उभ्या टिपांनी बंडीला ताठपणा येतो आणि लांबून चिलखतासारखी दिसते. रांगडेपणा हवा असेल तर हातचा टाका मशीनपेक्षा सरसच. थोडा वाकडा गेला तरी बिघडत नाही, उलट खरा वाटतो.

कापणी आणि जोडणी

भरलेल्या पट्ट्यावर पेपर ठेवा. पाठीचा पेपर मध्य धरून दोन्ही बाजूंना उलटवून आखा, म्हणजे पाठ सलग एकच राहील. पुढचा भाग दोनदा आखा, एक डावा आणि एक उजवा. दुसऱ्या वेळी पेपर उलटा करायला विसरू नका, नाहीतर दोन्ही भाग एकाच बाजूचे होतील!

शिलाईसाठी जादा कापड फक्त दोन ठिकाणी सोडायचं. खांद्याला अर्धा इंच आणि बाजूला 1 इंच. गळा, मुंढे, पुढची कड आणि खालच्या कडेला पट्टी लागणार आहे, तिथं जादा काही सोडायचं नाही. बाजूचा तो 1 इंच पुढच्या वर्षीसाठी आहे. पोर वाढलं की उसवून बंडी सैल करता येते. कापल्यावर कडेचे धावदोरे सुटू नयेत म्हणून प्रत्येक कडेनं लगेच एक टीप मारून घ्या.

जोडणीचा क्रम असा:

1. दोन्ही खांदे जोडा. जादा कापडातला मधला साडीचा थर कात्रीनं काढून टाका, म्हणजे जाड गाठ राहणार नाही. मग ते कापड दोन्हीकडं उघडून आतून हाताच्या टाक्यानं बसवा.

2. मुंढ्यापासून खाली बाजू जोडा, पण शेवटचे 3 इंच उघडे सोडा. ही बाजूची चीर. ती नसेल तर पोराला मांडी घालून बसता येत नाही, मुजरा करताना बंडी वर चढते. चिरेपाशीचं जादा कापड आत दुमडून तुरपाई करा.

3. चिरेच्या टोकाला दोन-तीन वेळा उलट-सुलट टीप मारा. बंडी पहिल्यांदा फाटते ती इथंच.

हातानं जोडणार असाल तर खांदा आणि बाजूंना धावदोरा पुरत नाही. तिथं उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका घातला की सुई थोडी मागं नेऊन पुन्हा पुढं काढायची. पळताना, पडताना सगळा ताण याच शिवणीवर येतो.

मशीनची सुई जाड जागी अडली तर पाय दाबून जोर लावू नका, सुई मोडून डोळ्यात उडू शकते. चाक हातानं फिरवत एकेक टाका काढा. जीन्सच्या जाड घडीवर कापड ठेवून हातोडीनं हलके ठोके दिले की घडी बसते आणि सुई सुरळीत जाते.

कडेची पट्टी आणि बंद

परकराच्या कापडातून दीड इंच रुंदीच्या पट्ट्या काढा. गळा आणि मुंढ्यासाठीच्या पट्ट्या तिरक्या म्हणजे उरेब कापा. तिरकी पट्टी ताणली जाते, म्हणून गोलाईवर चुण्या न पडता बसते. खालच्या आणि पुढच्या सरळ कडेला सरळ पट्टी चालेल. जुन्या साडीचा अरुंद काठ असेल तर तो इथं झकास दिसतो.

पट्टी बाहेरून, सुलट्यावर सुलटं ठेवून, कडेपासून पाव इंचावर शिवा. मग ती आत वळवा, टोक दुमडा आणि तुरपाई करा.

पुढं बटण किंवा चेन लावू नका, मावळ्याच्या बंडीला बंदच हवेत. नऊ इंच लांब, दीड इंच रुंद अशा आठ पट्ट्या घ्या. चौपदरी घडी करून शिवल्या की बंद तयार. चार जोड्या लावायच्या. खांद्यापासून मोजून 6, 9, 12 आणि 15 इंचांवर. पुढच्या कडेची पट्टी आत वळवण्याआधी बंदाचं टोक तिच्याखाली सरकवा आणि तुरपाई झाल्यावर त्या जागी चौकोनी टीप मारून मध्ये फुली मारा. असे बंद पोरानं कितीही ओढले तरी सहज निघत नाहीत.

गळ्याजवळ बंद लावू नका. धावपळीत दुसऱ्याच्या हातात अडकून फास बसायची भीती असते. सगळे बंद छातीपासून खालीच हवेत. टाचण्या आणि सेफ्टी पिनांवर काम भागवू नका. स्टेजवर पिन उघडली की नाटक बाजूलाच राहतं.

थोडा रांगडेपणा

नवी बंडी फारच नीटनेटकी वाटत असेल तर खांदे, कडा आणि पोटाकडचा भाग पॉलिश पेपरनं हलका घासा. कोरड्या फडक्यानं थोडा गेरू चोळा. एक-दोन ठिगळं वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं, टाके दिसतील असे लावा. गोणपाटाचे तुकडे लावायचे असतील तर त्यांच्या कडा आधी आत दुमडून घ्या, म्हणजे धागे सुटणार नाहीत. जाड गोणपाटाला साधी सुई जात नसेल तर दाभण घ्या, पण ते काम मोठ्या माणसानंच करावं.

खरं रक्त वाटावं म्हणून लाल ऑइल पेंट फासणारेही आहेत. तो वास पोराला दिवसभर सहन करावा लागतो आणि बंडी पुन्हा वापरता येत नाही. त्यापेक्षा गेरूचं दाट पाणी बरं, ते धुतलं जातं.

घालून बघा, पळवून बघा

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नाही, निदान चार दिवस आधी बंडी घालून पोराची परीक्षा घ्या. दोन्ही हात वर करायला लावा. काखेत आवळलं तर मुंढा थोडा खोल करावा लागेल. वाकून मुजरा करायला सांगा, मांडी घालून बसवा, अंगणात दोन फेऱ्या पळवा. शेला कमरेला बांधल्यावर त्याचं टोक गुडघ्याच्या खाली लोंबत नाही ना, हेही बघा. तलवार पुठ्ठ्याचीच द्या.

अंगाला कुठं टोचत असेल तर पोर सांगायला लाजतं, म्हणून बंडी काढल्यावर मान आणि काखा स्वतः तपासा.

वर्गातली सगळीच पोरं मावळे असतील तर?

पोवाड्याला वीस-पंचवीस पोरं असतात. तिथं प्रत्येक घरानं वेगळी धडपड करण्यापेक्षा गावातल्या बचत गटातल्या बायकांनी आणि पालकांनी मिळून काम वाटून घेतलं तर सोपं जातं. वरच्या पाच मापांचे पाच पेपर एकदाच जाड पुठ्ठ्यावर कापून ठेवा. मांजरपाट एकत्र आणा आणि एकाच पातेल्यात रंगवा, म्हणजे सगळ्यांचा रंग सारखा येतो. धावदोरा घरोघर वाटून द्या, जोडणी ज्यांच्याकडं मशीन आहे त्यांनी करावी. कापून, भरून तयार केलेले भाग गावातल्या शिंप्याकडं दिले तर त्याचंही काम कमी होतं आणि मजुरीही त्या मानानं कमी लागते.

कार्यक्रम झाल्यावर बंड्या धुऊन, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून शाळेच्या कपाटात ठेवल्या तर पुढच्या वर्षीच्या पोरांना कामाला येतील. चीर उसवली, बंद तुटला तर तेवढंच दुरुस्त करायचं. ज्या घराला कापड आणणंही जड आहे, त्या घरच्या पोराला या कपाटातली बंडी कुणाला न विचारता मिळावी, एवढं शिक्षकांनी बघितलं तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची वेळ कुणावर येणार नाही.

आणि शाळेला द्यायची नसेल तर घरात ठेवा. बंडी खरोखरची गोधडीच आहे, पहाटेच्या थंडीत गोठ्यात जाताना किंवा हरभऱ्याच्या राखणीला बसताना पोराच्या अंगात ऊब राहील. फक्त चुलीजवळ आणि शेकोटीजवळ बसताना गोणपाटाची ठिगळं आधी काढून टाका.